अंगारकीचा दुसरा चंद्र

चंद्राचा फोटो काढायला असं काय मोठं लागतं? चंद्र लागतो, तो फुकट आहे. दुर्बीण लागते, ती कुरिअरनं घरी येऊन पडली होती. कॅमेरा लागतो, तो बायकोच्या शाळेच्या सहलीनंतर कपाटात साड्यांच्या मागं झोपला होता. राहता राहिली गच्ची. आणि तिथंच धम्मपाल मगरेंचं घोडं पेंड खायला लागलं. गच्चीची किल्ली सोसायटीचे सचिव बद्रीनाथ गाडेकर यांच्या कमरेला होती, आणि बद्रीनाथकाका सरकारी कचेरीतून निवृत्त झाले असले, तरी कचेरी काही त्यांच्या अंगातून गेलेली नव्हती.

"अर्ज द्या," काका म्हणाले.

मगरेंनी अर्ज दिला. कारण, कालावधी आणि दिशा असं सगळं लिहायचं होतं. दिशेपुढं मगरेंनी 'वर' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी अर्ज परत. 'वर' ही दिशा होत नाही, असा काकांचा शेरा. मगरेंनी 'पूर्व' लिहिलं, तर काका स्वतःच चपला घालून दारात हजर.

"मगरे, पूर्वेला काय हाय माहिती ना? छावणी! तिथं लष्कर ऱ्हातं. उद्या तिकडून कुणी इचारलं की तुमच्या गच्चीवरून आमच्यावर नळकांडं कोण रोखतंय, तर सचिव म्हणून मी जाऊ का हात जोडत?"

"पण काका, चंद्र छावणीतूनच उगवतो."

"ते लष्कर बघून घेईल. आपण मधी पडायचं नाय."

आता पडेगावच्या रस्त्याला राहणाऱ्या माणसाला चंद्र छावणीकडूनच उगवताना दिसणार, त्याला मगरे तरी काय करणार? शेवटी तोड निघाली. छावणीच्या पाण्याच्या टाकीवर चंद्र चार बोटं चढला, की तो लष्कराच्या हद्दीतून बाहेर आला असं समजायचं. त्याआधी दुर्बिणीचं टोपण काढायचं नाही. बोटं कुणाची, हा प्रश्न निघाला तेव्हा काकांनी आपली स्वतःची पुढं केली. त्यावर सही झाली आणि किल्ली मिळाली.

मगरेंना हे सगळं कशासाठी हवं होतं, ते एकदा सांगून टाकतो. मगरे चितेगावच्या एका कंपनीत मालाची तपासणी करायचे. केसाइतका फरक असला तरी माल परत. तिथं त्यांच्या शब्दाला वजन होतं. मोठमोठे साहेब भांडायला उठले, तरी मगरेंनी मान हलवली की सगळे गप. पण या इमारतीत राहायला येऊन वर्ष होत आलं, तरी इथं त्यांचा शब्द कुणी विचारलेला नव्हता. पाणी किती वाजता सोडायचं, गणपती कुठं बसवायचा, लिफ्टवाल्याला काय सुनवायचं, सगळं परस्पर ठरायचं. 'ते वरचे, नवीन आलेले' एवढीच मगरेंची ओळख. मगरेंच्या मनाला हे लागत होतं. मग एक दिवस त्यांनी मनाशी घेतलं की चंद्राचा असा फोटो काढायचा, खड्डा न् खड्डा मोजता यावा असा, की सगळी इमारत म्हणेल, माणूस बघतो ते नीट बघतो.

घरात मात्र या मोहिमेला फारसा मान नव्हता. बायको रत्नमालाताई शाळेत शिकवायच्या. त्या एवढंच म्हणाल्या, "नवा मिक्सर मागितला होता मी." आणि आई गोजरबाई म्हणाल्या, "चांद काय कुठं पळून चाललाय का रं धम्मा, फोटो काढून ठेवायला?"

गोजरबाईंचं हे बोलणं पहिल्याच संध्याकाळी खोटं पडलं. चंद्र पळतो! अहो, सपाटून पळतो. नुसत्या डोळ्यांनी तो गरीब गायीसारखा उभा दिसतो, पण दुर्बिणीत घ्या, की इकडून शिरला अन् तिकडून पसार. मगरे डोळा लावायचे, चंद्र दिसायचा, कॅमेऱ्याकडं हात नेईपर्यंत नळकांड्यात काळंकुट्ट. शिवाय कॅमेरा दुर्बिणीला बसेना. मधे जोडायला एक कडं लागतं, ते गावात कुठंच मिळेना.

तळमजल्यावरचे कडूबा हार्डवेअरवाले सल्ला देण्यात उदार. "कडं कशाला पायजे? पाण्याच्या पाइपाचं कपलिंग लावा. आपल्याकडं सगळ्या मापाचं हाय."

कपलिंग लावलं. ते ढिलं झालं म्हणून त्यावर नळाची टेप गुंडाळली. आता दुर्बीण लांबून पाहिली तर गच्चीवर नवीन नळजोडणी केल्यासारखी दिसायची, आणि दोनतीन जणांनी तिथून पाणी येतं का, असं विचारलंही. तरी फोटो काही धड येईनात. मग मगरे छावणीच्या बाजारात मोईनभाईंच्या स्टुडिओत गेले. मोईनभाईंनी हजारो लग्नांचे फोटो काढलेले. त्यांनी मगरेंचे फोटो पाहिले आणि चष्मा पुसला.

"साहब, चाँद हिला या आप हिले?"

"मी तर श्वाससुद्धा घेत नाही हो."

"तो फिर छत हिली. और एक बात बोलूँ? आप लोगां गोल चाँद के पीछे पड़े रहते. हमारा तो ईद का चाँद, धागे के माफिक. उसको ढूँढते ढूँढते गर्दन टूट जाती. आप नसीबवाले हो, इतना बड़ा मिल रा."

मगरेंच्या घरी चंद्र म्हणजे पौर्णिमेचा. त्या दिवशी पांढरे कपडे, विहारात वंदना, घरी खीर. दुसरा कुठला चंद्र असतो आणि त्याचाही फोटो काढता येतो, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. इमारतीतल्या बाकी बायकांचा चंद्र चतुर्थीचा, संकष्टीचा. दिवसभर उपास, आणि तो उगवला की सुटका. मोईनभाईंचा ईदचा. आपल्या गावात एका चंद्राला गिऱ्हाईकं किती बघा! बिचाऱ्याला अमावास्येचीच काय ती सुट्टी.

तर पौर्णिमा आली. मगरेंनी खीर खाल्ली, टाकीवर चार बोटं मोजली, आणि एकदाचा फोटो काढला. तो लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आपल्या गच्चीवरून चंद्र.'

फोटोत पांढरा गोल होता. नुसता पांढरा गोल. खड्डा नाही, डाग नाही, काही नाही. थोड्या वेळानं ग्रुपवर उत्तरं यायला लागली. एकानं विचारलं, जिन्यातला बल्ब बदलला का? कडूबांनी लिहिलं, 'भाकर मस्त झाली.' दुसऱ्या मजल्यावरच्या मोनिकानं अंगठा दाखवला, पण तो चुकून दाबला गेला होता, हे तिनंच नंतर जिन्यात सांगितलं. मगरे त्या रात्री जेवताना भाकरीकडं बघत नव्हते. रत्नमालाताईंनी मुद्दाम पोळ्या केल्या.

इथपर्यंत सगळं ठीक होतं हो. हसं झालं, पण आपल्यापुरतं. खरी गडबड झाली ती द्वारकाबाईंमुळं.

द्वारकाबाई म्हणजे बद्रीनाथकाकांच्या मंडळी. काका साऱ्या सोसायटीला नियम दाखवायचे, आणि द्वारकाबाई काकांना. संकष्टीच्या बाबतीत तर त्या फारच कडक. बाकीच्या बायका कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ बघायच्या आणि मोकळ्या व्हायच्या. आभाळ आलं तर पूर्वेला पाणी सोडलं की झालं, चालतं तसं. द्वारकाबाईंना ते चालायचं नाही. "डोळ्यानं बघितल्याबिगर घास नाय." आणि त्या जेवल्याशिवाय बाकीच्यांनी जेवायचं म्हणजे बरं दिसत नाही, म्हणून ढगाळ संकष्टीला अख्खी इमारत उपाशी ताटकळायची. मगरेंना मात्र या बाईंबद्दल आतून आदर होता. बघितल्याशिवाय मान्य नाही, हे त्यांच्याच जातकुळीचं वागणं होतं.

तर एका संध्याकाळी द्वारकाबाई गच्चीवर वाळवण उचलायला आल्या आणि दुर्बिणीपाशी थबकल्या.

"मगरेभाऊ, ह्यातून ढगाआडचा चांद दिसतो का?"

'नाही' म्हणायचं. दोन अक्षरं! पण इमारतीत वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी मगरेंना काहीतरी विचारलं होतं. मगरेंची छाती फुगली आणि तोंडातून निघून गेलं, "बरंच काही दिसतं, काकू."

"मंग या खेपेला तुम्हीच सांगा बाई. मंगळवारी अंगारकी हाय. कॅलिंडरवर माझा इस्वास नाय."

अंगारकी म्हणजे मंगळवारची संकष्टी. वर्षातून एखाददुसरी येते आणि तिचं पुण्य मोठं. त्या मंगळवारी सकाळपासून आभाळ भरून आलेलं. संध्याकाळी गच्चीवर बायका जमल्या, हातात ताटं, ताटांत फुलं, दुर्वा, मोदक. द्वारकाबाईंच्या हातात तांब्याचा तांब्या. आणि सगळ्यांचे डोळे मगरेंवर. मगरे नवा शर्ट घालून दुर्बिणीपाशी उभे होते. गोजरबाई कोपऱ्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या, हवा खायला.

चंद्रोदयाची वेळ टळून गेली. पूर्वेला नुसती राखाडी गोधडी. बद्रीनाथकाका हळूच मगरेंच्या कानाशी आले. आवाज अगदी वेगळा.

"मगरे, हिला शुगर हाय. सकाळपासून दोन घोट पाणी अन् चार साबुदाणे पोटात. हात थरथरायला लागलेत, पर ऐकायची नाय. तुमच्या पाया पडतो, काढा कुठूनतरी चांद बाहेर."

"चार बोटांचं काय काका?"

"घाला खड्ड्यात चार बोटं!"

मगरेंनी डोळा लावला. आणि खरं सांगतो, कुणी काहीही म्हणो, त्या माणसानं खोटेपणा केला नाही. छावणीच्या अलीकडं ढगांच्या पदराआडून एक पिवळसर गोळा हळूहळू वर येत होता. अगदी चंद्राएवढा, अगदी चंद्रासारखा धुरकट. मगरेंनी दुर्बीण तिकडं वळवली. गोळा नीट टिपता येईना, पुसट पुसट दिसत होता, पण त्यावर काळे डाग होते. डाग! पौर्णिमेला न दिसलेले!

"दिसला!" मगरे ओरडले. "खड्डे दिसतायत! एका ओळीत खड्डे आहेत!"

"असे ओळीत असतात का?" मोनिकानं विचारलं.

"असतात. पुस्तकात आहे." पुस्तकात खरंच होतं, पण ते दुसऱ्या ठिकाणचे.

द्वारकाबाईंनी डोळा लावला. "मगरेभाऊ, हा हलतोय की."

"चंद्र हलत नाही काकू, पृथ्वी फिरते."

एवढं शास्त्रशुद्ध उत्तर मिळाल्यावर कोण काय बोलणार? द्वारकाबाईंनी हात जोडले, तांब्यातलं पाणी सोडलं, हळदीकुंकू वाहिलं. मागोमाग सगळ्यांनी वाहिलं. मगरेंनी त्या धांदलीत एक फोटोही काढला आणि खड्डे दिसताहेत असं बघून तिथल्या तिथं ग्रुपवर टाकून दिला. 'अंगारकीचा चंद्र, खड्ड्यांसह.' बायका खाली गेल्या, ताटं वाढली गेली, घराघरांतून मोदकांचा वास यायला लागला. जाता जाता काकांनी मगरेंचा हात दाबला. मगरेंना भरून आलं. एवढं सुख त्यांना कंपनीत बढती मिळाली तेव्हाही झालं नव्हतं.

मग ते दुर्बीण आवरत बसले. कोपऱ्यातून गोजरबाईंनी हाक मारली.

"धम्मा, ए धम्मा. दुसरा आला रं."

"दुसरा काय, आई?"

"चांद. आज दोन काढलेत का?"

मगरेंनी वळून पाहिलं. ढग फाटले होते. त्या फटीतून एक लख्ख, खराखुरा, वरच्या बाजूनं थोडा झिजलेला चंद्र वर आला होता. आणि त्याच्या खाली, बरंच खाली, तो पिवळा गोळा वाऱ्यावर डुलत होता. आता त्याची दोरीही दिसत होती.

खाली रत्नमालाताई मोबाइल बघत बसल्या होत्या. त्यांनी मगरेंचा फोटो आधी सरळ पाहिला, मग मोबाइल उलटा धरला. आरशाच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, हे त्यांना नवऱ्यानंच शिकवलेलं. उलटा धरल्यावर खड्डे वाचता येत होते.

'भव्य साडी महोत्सव.'

चौकात साड्यांचं नवीन दुकान उघडलं होतं. लगीनसराई तोंडावर आली म्हणून त्यांनी आत दिवा लावलेला फुगा सोडला होता आभाळात. आणि अंगारकीच्या मुहूर्तावर वीस घरच्या सुवासिनींनी त्या फुग्याला पाणी सोडून उपास सोडला होता.

रत्नमालाताईंनी फोटो काढून टाका म्हणून सांगेपर्यंत उशीर झाला होता. इमारतीत मोबाइल उलटा धरणारे आणखीही होते. ग्रुपवर हसण्याचा पूर आला. 'पुण्य गेलं तर गेलं, साडी तरी पदरात पडू द्या.' कडूबांनी ही हकिगत जाऊन दुकानदाराला सांगितली, दुकानदार लई खूश झाला, आणि त्यानं या इमारतीतल्या बायकांना चंद्रदर्शन सूट जाहीर केली. मोनिकानं जांभळी घेतली. सगळ्या गेल्या, हसत गेल्या. उपासाचं काय, तर गुरुजींना फोन करून विचारलं, ते म्हणाले, मनात भाव होता ना, पोचलं. झालं, मिटलं. बायकांनी ते मनावर घेतलंही नाही.

एक द्वारकाबाई सोडून. त्या ना हसल्या, ना दुकानात गेल्या. दुसऱ्या दिवशी जिन्यात मगरे समोर आले. मगरेंनी हात जोडले.

"मगरेभाऊ, जन्मात कॅलिंडरवर इस्वास ठेवला नाय मी. गुरुजीवर बी नाय. तुमच्यावर ठेवला."

एवढंच बोलून त्या खाली उतरून गेल्या. ओरडल्या असत्या, चार शब्द सुनावले असते, तर मगरेंना बरं वाटलं असतं. हे असं शांत बोलणं काळजात रुतून बसलं.

संध्याकाळी काकांनी किल्ली परत नेली. नेताना त्यांची नजर वर नव्हती. "हिचं मन होईपर्यंत राहू द्या माझ्याकडं," म्हणाले.

मग मगरेंचं काही खरं राहिलं नाही. कंपनीत एकेक नग तीनतीनदा मोजायला लागले. चांगला माल परत पाठवला, परत पाठवलेला पुन्हा मागवला. साहेबांनी विचारलं, मगरे, बरं नाही का? मगरे म्हणाले, डोळे तपासून घेतो. घेतलेही. डोळे उत्तम निघाले, त्यानं तर जास्तच वाईट वाटलं. इमारतीत कुणी खाकरलं तरी त्यांना वाटायचं आपल्यालाच हसतंय. जिन्यानं जायचे ते पावलं न वाजवता. दुर्बीण पलंगाखाली गेली. चंद्राची कोर आली, अर्धा झाला, पौर्णिमा आली, विहारात वंदना झाली, खीर झाली. मगरेंनी एकदाही मान वर केली नाही.

"अहो, फुग्यानं फसवलं तुम्हाला, त्यात एवढं काय?" रत्नमालाताई म्हणायच्या. "माझी पोरं परीक्षेत याहून मोठी चूक करतात आणि पास होतात."

"मुलांच्या भरवशावर कुणी उपाशी बसत नाही," मगरे म्हणायचे, आणि ताट सरकवायचे.

पुढची संकष्टी आली. थंडी पडली होती, आभाळ स्वच्छ. मगरे टीव्हीसमोर बसले होते, टीव्ही बंद होता. वर गच्चीवरून बायकांची कुजबूज ऐकू येत होती. तेवढ्यात दार वाजलं. दारात बद्रीनाथकाका, धापा टाकत.

"वर चला. हिनं बोलावलंय. नळकांड्यासकट."

मगरे चाचरले. "अर्ज..."

"अर्ज राहू द्या हो!" काका म्हणाले. रत्नमालाताई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन काकांकडं बघत राहिल्या. असं काही त्यांच्या तोंडून निघेल, हे इमारतीत कुणाला सांगून पटलं नसतं.

गच्चीवर सगळ्या बायका ताटं घेऊन उभ्या होत्या. आणि समोर, छावणीच्या टाकीवर चांगला चार बोटं, चंद्र उभा होता. मोठा, पिवळा, ढळढळीत. लहान मूलसुद्धा बोट दाखवेल असा.

मोनिका कुरकुरत होती, "काकू, दिसतोय की चांगला ढळढळीत. आता कशाला थांबायचं?"

"मागल्या टायमाला बी चांद दिसलाच होता की," द्वारकाबाई म्हणाल्या. मग मगरेंकडं वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या, "दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक बी फुकून पितो. मला असाच बघणारा पायजे. बघा भाऊ. तुम्ही हो म्हणलं की मी हात जोडते."

दुर्बीण लावली, कपलिंग बसवलं, टेप आवळली. आधी नुसत्या डोळ्यांनी चंद्राखाली दोरी आहे का ते पाहिलं. मग चंद्र डुलतो का ते पाहिलं. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कुणी काही बोललं नाही. पोटं मात्र बोलत होती.

"जरा वर सरकू द्या," मगरे म्हणाले. "खाली असला की धुरकट दिसतो. खात्री नको का?"

"खात्री पायजेच," द्वारकाबाई म्हणाल्या. मोनिकानं डोळे मिटून घेतले.

चंद्र सरकला. पिवळा होता तो पांढरा झाला. मगरेंनी डोळा लावला आणि त्यांच्या तोंडून "अरे!" एवढंच निघालं.

चंद्र वरच्या कडेनं झिजलेला होता ना, दुर्बिणीत उलटा होऊन ती कड खाली आलेली. त्या झिजलेल्या कडेला सावलीची रेघ होती, आणि त्या रेघेवर खड्डेच खड्डे. तव्यावरच्या भाकरीला फोड यावेत तसे. एकेकाची उभी कड, आत काळी सावली, मधे डोंगराचं टोक. पौर्णिमेला ऊन अगदी समोरून पडतं, सावलीच नसते, मग दिसणार काय? भर दुपारी आपल्या कॉलनीतल्या रस्त्याचे खड्डे तरी कुठं कळतात? उन्हं कलली की कळतात. इतके दिवस मगरे भरल्या चंद्राच्या मागं लागले होते, आणि खड्डे बसले होते या बायकांच्या चंद्रात.

"काकू," मगरे डोळा न काढताच म्हणाले, "चंद्रच आहे. हा चंद्रच आहे."

द्वारकाबाई पुढं झाल्या. डोळा लावला. बराच वेळ लावूनच ठेवला.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "इतकी वरसं ह्याच्याकडं बघतेय, अन् हे कधी दिसलंच नाय मला." मग ताठ उभ्या राहिल्या. "भाऊ, आधी फोटो काढा. मागचा फोटो ग्रुपवर पडून हाय, त्याच्या वर हा पडला पायजे."

मगरेंनी कॅमेरा लावला, फोटो काढला. हललेला आला. पुन्हा काढला, पुन्हा हललेला. मोईनभाई बरोबर बोलले होते, गच्ची हलत होती. एवढी माणसं, कुणी पाय बदलतंय, कुणी ताट सावरतंय, स्लॅब थरथरणारच.

"एक विनंती करू का?" मगरे म्हणाले. "मी सांगेपर्यंत कुणी जागचं हलू नका. अगदी श्वाससुद्धा..."

"ऐकलं ना?" द्वारकाबाई गरजल्या. "हलायचं नाय कुणी!"

सगळी गच्ची थिजली. दिवसभर उपाशी असलेल्या बायका, हातात ताटं, ताटांत मोदक, मोदकांवर कुणाची नजर नाही. काका एक पाय उचललेला तसाच धरून उभे राहिले. रत्नमालाताई जिन्याच्या दारात, गोजरबाई खुर्चीत. सगळ्यांची तोंडं चंद्राकडं आणि सगळ्यांचे श्वास रोखलेले, एका माणसाच्या फोटोसाठी. मगरेंनी बटण दाबलं.

मग त्यांनी पडद्यावर फोटो मोठा करून पाहिला. एक खड्डा पाहिला. दुसरा पाहिला. रेघेवरून हळूहळू पुढं सरकत गेले, प्रत्येक कड धारदार, प्रत्येक सावली स्वच्छ. उलटं धरून पाहिलं. कुठंही काही लिहिलेलं नव्हतं. मगरेंचे डोळे पाण्यानं भरले, फोटो दिसेनासा झाला, तरी ते बघतच राहिले.

मागून मोनिकाचा आवळलेल्या दातांतून आवाज आला, "मगरेभाऊ, आता श्वास घेऊ का?"

"घ्या, घ्या! माफ करा, घ्या!"

गच्चीवर एकदम असा काही हशा उसळला की खालच्या घरांचे दिवे लागले. काकांनी पाय खाली टेकला. द्वारकाबाईंनी चंद्राला पाणी सोडलं, कुंकू वाहिलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या. मग पदर सावरून मोनिकाला म्हणाल्या, "चल गं, आमच्याकडंच सगळ्यांची पानं वाढायला घे. अन् मगऱ्यांच्या घरची तीन धर त्यात."

"आमची कशाला काकू?" मगरे गडबडले. "आमचा कुठं उपास होता?"

द्वारकाबाईंनी त्यांच्याकडं नीट पाहिलं.

"नव्हता व्हय? महिना झाला, जिन्यात भिंतीकडं तोंड करून जाताय तुम्ही. हसला नाय, बोलला नाय. तुमच्या आई काल येऊन रडत होत्या माझ्यापाशी, पोराच्या ताटात अर्धं तसंच ऱ्हातंय म्हणून. आमचा उपास एका दिसाचा भाऊ, तुमचा महिन्याचा झाला. मी बी तेव्हा जरा जास्तच बोलले. चला आता खाली, सोडू या दोघांचा बी."

मगरेंनी गोजरबाईंना हात दिला, आणि दुर्बिणीला टोपण न घालताच सगळ्यांच्या मागोमाग ते जिना उतरले.